भिंतीपलीकडचा कान

पहिली इलेक्ट्रिक गिटार घेतली की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो: अॅम्प कोणता घ्यायचा? दुकानात या प्रश्नाचे उत्तर वॅटमध्ये मिळते. दहा वॅटचा घ्या, वीसचा घ्या, पुढे कार्यक्रम करायचे असतील तर आताच चाळीसचा घेऊन ठेवा. हा हिशेब खिशाचा आणि उमेदीचा आहे आणि त्यात गैर काही नाही. पण ही गिटार वाजणार आहे ती आसनगाव, वासिंद किंवा शहापूरच्या एखाद्या चार मजली इमारतीतल्या दोन खोल्यांत. नाहीतर उंबरमाळीसारख्या गावात, खर्डी आणि कसारा यांच्या मधल्या त्या स्टेशनाजवळ, जिथे रात्रीची गाडी निघून गेली की रातकिड्यांखेरीज काही ऐकू येत नाही. अशा ठिकाणी अॅम्प निवडणे म्हणजे आपला आवाज कुठवर जावा हे ठरवणे. आणि ते ठरवायचे कुणी, कशाच्या आधारावर, हा प्रश्न दुकानदाराच्या कक्षेतला नाही. तो धर्मविचाराचा, नीतीचा प्रश्न आहे आणि आपल्या परंपरेने त्यावर पुष्कळ विचार करून ठेवला आहे.

आधी अॅम्प नेमके काय करतो ते पाहिले पाहिजे, कारण सगळा युक्तिवाद त्यावर उभा आहे. ठाणे आणि पालघरच्या डोंगरपट्ट्यात वारल्यांचा तारपा वाजतो. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाचे पान यांतून तयार झालेले हे वाद्य भातकापणीच्या दिवसांत मोकळ्या मैदानावर वाजते आणि नाचणारे त्याच्याभोवती फेर धरतात. त्याचा आवाज दूरवर जातो, पण त्या प्रत्येक स्वरामागे वाजवणाऱ्याची फुंकर असते. दम संपला की सूर संपतो. म्हणजे वाद्याच्या पोहोचीला शरीराने घातलेली एक मर्यादा आहे. टाळ, मृदंग, ढोल, गळा या सगळ्यांना ती आहे. जितका आवाज हवा तितके श्रम करावे लागतात आणि श्रम करणारा कधीतरी थकतोच. अॅम्पने हे नाते तोडले. तार बोटाने हलकीच छेडली तरी सभागृह भरते आणि सबंध रात्रभर वाजवले तरी अॅम्प दमत नाही. हा दोष नाही. गिटारला वीज जोडली गेली ती गरजेपोटीच: १९३० च्या दशकातल्या अमेरिकी नृत्यवृंदांत पितळी वाद्यांपुढे गिटार ऐकूच येत नव्हती. पुढे १९६० च्या दशकात लंडनमध्ये जिम मार्शलच्या दुकानातून जे अॅम्प बाहेर पडले ते आणखी मोठ्या मंचांसाठी होते. अॅम्पची जन्मजात प्रकृती सभागृहाची आहे. तो दहा बाय बाराच्या खोलीत आणला की शरीराने घातलेली जुनी मर्यादा उरत नाही आणि तिच्या जागी दुसरी कोणतीही मर्यादा आपोआप येत नाही. ती विवेकाने आणावी लागते. माझे म्हणणे एवढेच आहे: पूर्वी जे काम दमाने केले ते आता वाजवणाऱ्याच्या विवेकाला करावे लागेल, आणि अॅम्पची निवड ही त्या विवेकाची पहिली कृती आहे.

वॅटचा आकडा या कामी जवळजवळ निरुपयोगी आहे, हे थोडे गणित मांडले की लगेच दिसते. गिटारचा बारा इंची स्पीकर साधारणपणे १ वॅट शक्तीवर, १ मीटर अंतरावर ९७ डेसिबलच्या आसपास आवाज देतो. शक्ती दुप्पट केली की ३ डेसिबल वाढतात. कानाला आवाज दुप्पट वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. म्हणून १५ वॅट आणि १०० वॅट यांत फरक जेमतेम ८ डेसिबलचा आहे. दोघेही पूर्ण उघडले तर चाळीतल्या सगळ्यांना उठवतील. उलट बाजूने मोजले तर गंमत आणखी वाढते. साधे बोलणे १ मीटरवरून ६० डेसिबलच्या आगेमागे असते. घरात समाधानाने वाजवायला ७० डेसिबल पुरेसे धरले, तर ९७ वरून २७ डेसिबल खाली यायचे, म्हणजे लागणारी शक्ती १ वॅटचा पाचशेवा भाग, फक्त २ मिलिवॅट. पंधरा वॅट, वीस वॅट यावर तासभर चर्चा करणाऱ्याला प्रत्यक्षात लागणार आहेत दोन मिलिवॅट. तेव्हा खरी चौकशी ही करायची, की हा अॅम्प त्याच्या शक्तीच्या हजाराव्या, दहाहजाराव्या भागावर कसा वाजतो.

आता परंपरेकडे वळू. नाद ब्रह्म आहे असे आपण सहज म्हणतो आणि बहुतेक वेळा ते मोठ्या आवाजाच्या समर्थनार्थ म्हणतो. देवगिरीच्या यादव दरबारात, सिंघण राजाच्या काळात, शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' लिहिला. तेराव्या शतकातला हा ग्रंथ भारतीय संगीतशास्त्राचा आधारस्तंभ आहे आणि तो महाराष्ट्राच्या भूमीत लिहिला गेला. त्यात नाद दोन प्रकारचा सांगितला आहे: आघातातून उपजणारा आहत आणि आघाताविना असणारा अनाहत. पुढे आहत नादाच्या पाच पायऱ्या येतात: अतिसूक्ष्म, सूक्ष्म, पुष्ट, अपुष्ट आणि कृत्रिम. त्या नाभी, हृदय, कंठ, मस्तक आणि मुख या क्रमाने शरीरात बसवल्या आहेत. म्हणजे नादाचा उगम जिथे आहे तिथे तो सर्वांत सूक्ष्म आहे. मोठेपणा हे नादाच्या श्रेष्ठतेचे माप या शास्त्रात कुठेच नाही. जपाच्या बाबतीत तर हे अगदी उघड आहे. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात विधियज्ञाहून जप दहापट, ओठांतल्या ओठांत केलेला उपांशु जप शंभरपट आणि मनातला जप हजारपट श्रेष्ठ ठरवला आहे. या ग्रंथाने समाजाच्या उतरंडीबद्दल जे सांगितले ते टाकाऊच आहे, पण इथे तो एका व्यापक समजुतीचा पुरावा देतो: आवाज कमी होतो म्हणून साधना कमी होत नाही. फार तर ती आत वळते.

पण मला खरा आधार वाटतो तो ज्ञानेश्वरीचा. गीतेच्या तेराव्या अध्यायात ज्ञानाची लक्षणे सांगताना अहिंसा हा शब्द एकदाच येतो. ज्ञानदेव मात्र त्यावर ओव्यांमागून ओव्या लिहितात. अहिंसक माणूस पाऊल कसे टाकतो, पाहतो कसा, हात कसा उचलतो हे सांगत सांगत ते त्याच्या बोलण्यापाशी येतात. हा माणूस शक्यतो बोलतच नाही, कारण आपल्या शब्दाने कुणाची चाललेली गोष्ट मोडेल, कुणी दचकेल, कुणाला ते ऐकून नकोसे होईल अशी त्याला धास्ती असते. बोललाच तर आधी माया आणि मग शब्द. इथे हिंसेची व्याख्या फार बारीक केली आहे. शिवी दिली, खोटे बोलले, तर हिंसा, हे कुणीही सांगेल. ज्ञानदेव म्हणतात ते वेगळे आहे. शब्द चांगला असला, खरा असला, तरी तो दुसऱ्याच्या चालू क्षणात न विचारता घुसला आणि तो माणूस दचकला, तर इजा झालीच. शके १२१२ मध्ये, जेव्हा गळ्याहून मोठा आवाज करायला माणसाकडे नगारा आणि शिंग यांपलीकडे फारसे काही नव्हते, तेव्हा एवढी काळजी सांगितली गेली. ज्याच्या हाताशी अॅम्प आहे त्याला ती किती पटींनी लागू होते!

कान हे इंद्रिय इतर इंद्रियांसारखे नाही, हेही या काळजीमागचे एक कारण आहे. डोळे मिटता येतात, तोंड फिरवता येते. ऐकणे थांबवता येत नाही, झोपेतही नाही. नैयायिकांनी शब्दाला आकाशाचा गुण मानले आणि तो पाण्यावरच्या लाटेमागून लाट उठावी तसा पसरतो असे मांडले. आकाश कुणा एकाचे नाही, म्हणून त्यात उठवलेली लाटही कुणा एकाची राहत नाही. आधुनिक भौतिकशास्त्र त्यात तपशील भरते. गिटारच्या सर्वांत खालच्या तारेची कंपने सेकंदाला ८२ असतात आणि त्या लाटेची लांबी ४ मीटरहून थोडी जास्त, म्हणजे खोलीपेक्षाही मोठी. विटांची भिंत उंच स्वर बऱ्यापैकी अडवते, खर्ज मात्र तिला फारसा जुमानत नाही. जमिनीवर ठेवलेला अॅम्प तर थेट स्लॅबलाच हलवतो. म्हणून शेजाऱ्याला ऐकू येते ती आपण वाजवलेली चाल नव्हेच. त्याच्या वाट्याला येते ती चाल गाळून उरलेली घुमघुम. आपण ज्याला संगीत म्हणून पाठवले असे समजतो ते पलीकडे पोहोचेपर्यंत संगीत राहत नाही. 'त्यालाही ऐकायला मिळते की' हे समर्थन इथेच संपते.

यावर पहिला आक्षेप वाजवणाऱ्यांचा, आणि तो खराच वजनदार आहे. ते म्हणतात, इलेक्ट्रिक गिटार हळू वाजवली की ती इलेक्ट्रिक गिटारच राहत नाही. ट्यूब अॅम्पचा भरलेला, किंचित फाटलेला स्वर त्याचा शक्तिविभाग ताणला गेल्यावरच येतो. शिवाय स्पीकरची हवा तारेला पुन्हा हलवते आणि सूर लांबत राहतो, तो अनुभव मोठ्या आवाजाशिवाय मिळत नाही. यातला दुसरा मुद्दा मी मान्य करतो. ते नुकसान खरे आहे आणि त्यावर घरात उपाय नाही. पहिल्या मुद्द्यावर मात्र आता उत्तर आहे. अंकीय मॉडेलिंग करणारे अॅम्प तो फाटलेला स्वर गणिताने घडवतात आणि तो आवाजाच्या पातळीवर अवलंबून राहत नाही. यामाहाची टीएचआर मालिका किंवा बॉसचा कटाना यांसारखे अॅम्प याच गरजेतून लोकप्रिय झाले. राहिली ती 'हळू आवाजात स्वर पोकळ वाटतो' ही तक्रार. तिचे कारण अॅम्पमध्ये नसून कानात आहे. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले की आवाज कमी होतो तसा माणसाच्या कानाला खर्ज तुलनेने अधिकच कमी ऐकू येतो. म्हणून मोठ्या आवाजात जुळवलेला स्वर हळू केला की पातळ वाटतो. त्याच पातळीवर बसून खर्ज आणि मध्य नव्याने जुळवले तर बरीच भरपाई होते. थोडक्यात, हळू वाजवणे हे मोठ्याने वाजवण्याचे अपंग रूप नाही. त्याला स्वतःचे कान आणि स्वतःची तालीम लागते.

दुसरा आक्षेप रागाचा आहे. गणपतीत, हळदीला, निवडणुकीत भिंती हादरतात, पहाटे देवळा-मशिदींचे भोंगे वाजतात, आणि विवेक शिकवायचा तो एका पोराला, त्याच्या सहा इंची स्पीकरला? या रागात न्याय आहे. पण त्याचे उत्तर न्यायालयांनी गिटारच्याच निमित्ताने दिले आहे, हे फारसे कुणाच्या लक्षात नाही. चेन्नईतल्या एका चर्चच्या प्रार्थनागृहात ड्रम, गिटार आणि ध्वनिवर्धकांसह उपासना चाले. वस्तीतल्या रहिवाशांनी तक्रार केली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ऑगस्ट २००० मध्ये न्यायालयाने सांगितले की इतरांची शांतता मोडून प्रार्थना करावी, किंवा ती ध्वनिवर्धकातून आणि ढोलाच्या गजरात करावी, असे कोणताही धर्म सांगत नाही. ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२५ मध्ये कुर्ल्याच्या रहिवाशांच्या याचिकेवर हाच धागा पुढे नेला: ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या जुलै २००५ च्या निकालामागची घटना तर विसरू नये अशी आहे. एका तेरा वर्षांच्या मुलीवर अत्याचार होत असताना तिची हाक शेजारच्या ध्वनिवर्धकाच्या आवाजात बुडून गेली होती. मोठा आवाज ऐकणाऱ्याला त्रास देतोच. त्याहून भयंकर म्हणजे तो इतरांची हाक पुसून टाकतो. मांडवातल्या ध्वनिवर्धकांच्या भिंतींवर आपण हा आरोप ठेवणार असू, तर आपल्या खोलीत तोच नियम पाळल्याशिवाय तो आरोप आपल्या तोंडी शोभणार नाही.

याच आक्षेपाचे एक बारीक रूप आहे आणि ते मला अधिक अस्वस्थ करते. शेजारच्या भजनाला कुणी गोंगाट म्हणत नाही, गिटारला लगेच म्हणतात. म्हणजे तक्रार आवाजाची की आवडीची? अनेकदा आवडीची, हे कबूल केले पाहिजे. ज्याची प्रतिष्ठा मोठी त्याचा आवाज सुसह्य ठरतो आणि नव्या, परक्या, गरिबाच्या किंवा तरुणाच्या आवाजावर आधी बोट ठेवले जाते. इथे कायद्याचे कोरडेपण उपकारक आहे. २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम राग विचारत नाहीत, डेसिबल विचारतात: निवासी भागात दिवसा ५५, रात्री दहा ते सकाळी सहा ४५. २०१० च्या दुरुस्तीनुसार खासगी जागेतल्या वाद्याचा आवाज त्या जागेच्या सीमेवर या मर्यादेपेक्षा ५ डेसिबलहून जास्त वर जाता कामा नये. हे माप भजनालाही तेच आणि गिटारलाही तेच. शेजाऱ्याला गिटार आवडावी अशी मागणी मी करत नाही, आणि न आवडण्याचा हक्क म्हणजे बंद पाडण्याचा हक्क, हेही मानत नाही. आंबेडकरी जलसा, शाहिरी, रस्त्यावरचे कलापथक यांचा मोठा आवाज मात्र वेगळ्या तराजूत जातो. तो चौकात उभा राहून ऐकायला आलेल्यांशी आणि ऐकून न घेणाऱ्या सत्तेशी बोलतो. झोपलेल्या शेजाऱ्याच्या उशाशी जाऊन तो बोलत नाही. कीर्तनाचेही तसेच. माणसे आपल्या पायांनी येऊन बसतात.

मग कायदा पाळला की झाले, रात्री दहापर्यंत मोकळीक, असे कुणी म्हणेल. शहापूर-मुरबाडकडे पाहिले की ही सोय किती अपुरी आहे ते कळते. कसाऱ्याहून सुटणारी पहाटेची लोकल पकडून मुंबईत कामाला जाणारा माणूस रात्री नऊला झोपलेला असतो. मुरबाडच्या एमआयडीसीत रात्रपाळी करून आलेल्याची रात्र सकाळी आठला सुरू होते. घड्याळाच्या दहा आणि सहा या आकड्यांना यातले काही ठाऊक नाही. शिवाय दादरच्या रस्त्यावरच्या घरात रहदारीच्या आवाजाखाली जो स्वर झाकला जाईल, तोच उंबरमाळीच्या शांततेत तीन घरे पलीकडे स्पष्ट ऐकू येईल. पत्र्याच्या किंवा कौलाच्या घराला तर वरून आडोसाच नसतो. मर्यादा दोन्हीकडे तीच, इजा वेगळी. कायदा सर्वांसाठी एकच रेघ ओढतो, ते त्याचे कामच आहे. ज्ञानदेवांनी सांगितलेली अहिंसा मात्र समोरचा माणूस कोण, तो आत्ता काय करतो आहे, इथपासून सुरू होते. त्यासाठी शेजाऱ्याला विचारावे लागते: तुमची झोप कधी, मुलाची परीक्षा कधी, घरी आजारी कुणी आहे का? अॅम्प विकत घेण्याआधी ही चौकशी केली तर अर्धी निवड तिथेच होते.

शेवटचा आक्षेप हेडफोनबद्दल. अॅम्पला हेडफोन लावला की कुणालाच त्रास नाही, मग हा सगळा खल कशाला? हेडफोनची सोय असलेलाच अॅम्प घ्यावा, यात मला शंका नाही. पण नेहमीच हेडफोनमध्ये वाजवणाऱ्याच्या दोन गोष्टी सुटतात. खोलीत हवेतून येणारा स्वर, घरच्यांचे येणे-जाणे, आईने 'हे पुन्हा वाजव' म्हणणे, यांतून जे संगीत घडते ते घडत नाही. आणि स्वतःचा कान धोक्यात येतो. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल अशी सुरक्षित मर्यादा सुचवली आहे. हेडफोनमध्ये ती ओलांडली गेल्याचे कळतही नाही. अहिंसा इतरांपुरती आणि स्वतःचा देह वगळून, अशी असू शकत नाही. म्हणून रात्री हेडफोन आणि दिवसा हळू आवाजातला स्पीकर, असा दोन्हींचा मेळ बरा. ज्या दिवशी अॅम्प मनसोक्त उघडावासा वाटेल त्या दिवशी गावचे समाजमंदिर किंवा भाड्याची तालीमखोली शोधावी आणि ऐकायला माणसे बोलवावीत. त्या आवाजाची जागा तीच आहे.

तेव्हा दुकानात गेल्यावर अॅम्प मोठा करून पाहू नये. सोबत आलेल्याशी आवाज न चढवता बोलता येईल इतका तो कमी करावा आणि तेव्हाही स्वर भरीव राहतो का, आवाजाचे बटण शून्यालगत हळूहळू वाढते की एकदम उसळते, ते तपासावे. तीन ते आठ इंची स्पीकर, हेडफोनची जागा आणि पावसाळ्यात वीज जाते म्हणून जमल्यास बॅटरी, एवढे पुरते. घरी तो जमिनीवर न ठेवता जाड फोमवर किंवा स्टुलावर ठेवावा, शेजारच्या भिंतीपासून दूर. मग एका संध्याकाळी शेजाऱ्यांची परवानगी घेऊन त्यांच्या खोलीत जाऊन बसावे, आपल्या घरात दुसऱ्या कुणाला गिटार वाजवायला सांगावे आणि भिंतीपलीकडून स्वतः ऐकावे. त्यांच्या घरातले बोलणे ज्या पातळीवर अडखळत नाही तिथे बटणापाशी पेनने खूण करावी. रात्रीसाठी दुसरी, तिच्या बरीच खाली.